पानफुटीची आंबट सकाळ

पानफुटी आमच्याकडे मुद्दाम कुणी लावत नाही. पान मातीत पडलं की त्याच्या कडेच्या खाचांतून रोपं फुटतात आणि तुळशीवृंदावनामागची जागा बघता बघता भरून जाते. मूतखड्यावर तिचं पान सकाळी उपाशीपोटी चावून खाणारी माणसं गोव्यात गावोगाव भेटतील. ते आंबट लागतं. तेच पान दुपारी खाल्लं तर तसं लागत नाही, आणि वनस्पतींच्या प्रकाशसंश्लेषणाच्या इतिहासातला एक महत्त्वाचा धागा नेमका या फरकात आहे.

ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत दक्षिण भारतात असलेल्या बेंजामिन हाइन या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८१३ मध्ये लंडनला पत्र लिहून कळवलं, की पानफुटीचं पान सकाळी चुक्यासारखं आंबट असतं, दुपारी बेचव होतं आणि संध्याकाळकडे कडवट लागतं. त्याआधी १८०४ मध्ये जिनिव्हाच्या द सोस्यूर यांनी फड्या निवडुंग अंधारातही कार्बन डायऑक्साइड घेतो, अशी नोंद केली होती. या दोन्ही गोष्टी एकाच व्यवहाराच्या दोन बाजू आहेत, हे कळायला विसावं शतक उजाडावं लागलं. ही झाडं पानांची रंध्रं रात्री उघडतात, कारण तेव्हा पाणी कमी उडतं. आत आलेला कार्बन मॅलिक आम्लाच्या रूपात साठतो, म्हणून सकाळ आंबट. उजाडल्यावर रंध्रं मिटतात आणि साठवलेल्या आम्लातून सुटलेल्या कार्बनची सूर्यप्रकाशात साखर होते. पानफुटीच्या क्रॅसुलेसी कुळावरून या पद्धतीला ‘क्रॅसुलेशियन ॲसिड मेटाबॉलिझम’ हे नाव मिळालं.

आपला अननसही याच पंथाचा. दक्षिण अमेरिकेतून पोर्तुगीजांबरोबर तो इथे आला, नावही त्यांच्याच तोंडून आलं. फिरंग्यांच्या बंदरांतून येणाऱ्या या फळाचा उल्लेख बादशहा जहांगीरने आपल्या आठवणींत केला आहे. कुळागरात, म्हणजे पोफळी-नारळाच्या बागेत, अननस जिथे उभा असतो, तिथला कार्बनचा व्यवहार रात्री चालतो, ही कल्पना मला अजूनही विलक्षण वाटते.

पाठ्यपुस्तकांत शिरला तो मात्र दुसराच मार्ग. १९४० मध्ये कार्बन-१४ हा कार्बनचा किरणोत्सारी प्रकार सापडला आणि पुढच्या दशकभरात बर्कलीत कॅल्विन, बेन्सन आणि बॅशम यांनी एका हिरव्या शेवाळाला तो देऊन कार्बनचा माग काढला. पहिला स्थिर पदार्थ तीन कार्बनचा निघाला, म्हणून हा सी-३ मार्ग. १९६१ चं नोबेल एकट्या कॅल्विन यांना मिळालं. बेन्सन यांचं नाव त्यात नसणं मला खटकतं. भात, काजू, नारळ, आपली बहुतेक झाडं याच मार्गाने जातात.

पण या मार्गातल्या रुबिस्को या विकराची एक खोड आहे. कार्बन डायऑक्साइडऐवजी ते मधूनच ऑक्सिजन पकडतं, आणि ऊन वाढलं की जास्तच. त्यात झाडाची मेहनत वाया जाते. यावरचा तोडगा सापडला तो उसात. हवाईच्या ऊस बागाइतदारांच्या प्रयोगशाळेत कोर्टशॅक यांना दिसलं, की उसात आधी तीन नव्हे, चार कार्बनची आम्लं बनतात. हे १९६५ मध्ये प्रसिद्ध झालं. रशियात कार्पिलोव्ह यांनी मक्यात असंच काही १९६० मध्ये नोंदवलं होतं, पण तिकडे फारसं कुणाचं लक्ष गेलं नाही. १९६६ मध्ये ब्रिस्बेनच्या एका साखर कंपनीच्या प्रयोगशाळेत हॅच आणि स्लॅक यांनी या सी-४ मार्गाची मांडणी केली. पानातल्या बाहेरच्या पेशी कार्बन गोळा करतात आणि शिरांभोवतीच्या पेशींत पंपासारखा कोंबतात. तिथे रुबिस्कोला चुकायला वाव राहत नाही. शिरांभोवतीचं हे पेशींचं कडं हाबरलांट यांनी १८८० च्या दशकातच सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं होतं. त्याचं काम काय, ते कळायला ऐंशी वर्षं लागली.

सांगे-धारबांदोड्याकडचा ऊस सी-४, आणि डोंगरउतारावर कुमेरी (झाडोरा तोडून-जाळून केलेली फिरती शेती) करून पेरली जाणारी नाचणीही सी-४. अशा जाती एकूण वनस्पतींच्या ३ टक्क्यांच्या आसपास, पण जमिनीवरच्या प्रकाशसंश्लेषणाचा सुमारे पाव भाग त्यांच्या वाट्याचा. हा मार्ग निसर्गात वेगवेगळ्या कुळांत साठाहून अधिक वेळा स्वतंत्रपणे उगवला. म्हणूनच फिलिपिन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेत २००८ च्या सुमारास भाताला सी-४ करण्याचा प्रकल्प उभा राहिला. तो अजून पुरा झालेला नाही. खाजनातला, म्हणजे खाडीकाठच्या खारट शेतातला कोरगुट भात आणि वायंगणातलं, म्हणजे पावसाळ्यानंतरचं भातपीक आजही ऑक्सिजनच्या त्याच चुकीची किंमत मोजत पिकतं.