थर्माकोल फुगतो कसा? तुर्भ्याच्या दाण्यापासून मखरापर्यंत

गणपती जवळ आले की थर्माकोलचा विषय निघतोच. 2018 च्या प्लास्टिकबंदीत थर्माकोलची मखरं गेली, पण 'थर्माकोलमुळे ओझोनला भोक पडतं' हे वाक्य मात्र अजून फिरतं. ते चूक आहे. ओझोनचा थर विरळ करणारे क्लोरोफ्लुरोकार्बन दुसऱ्या जातीच्या फोममध्ये वापरत असत. मखराचा थर्माकोल पेंटेन या सहज उडणाऱ्या द्रवाने फुगतो आणि पेंटेनमध्ये क्लोरीनचा अणूच नाही. या पदार्थावर घ्यायला खरे आक्षेप आहेत. त्यासाठी खोटी कारणं कशाला?

थर्माकोल हे मुळात व्यापारी नाव, बीएएसएफ या जर्मन कंपनीचं. तिचा आपल्याशी संबंध जुना आहे. 1897 मध्ये तिने कृत्रिम नीळ बाजारात आणली आणि भारतातली निळीची शेती बसली. फुगणारं पॉलिस्टायरिन, म्हणजे थर्माकोलचं मूळ प्लास्टिक, तिच्याच फ्रिट्झ स्टास्ट्नी यांनी 1950 च्या सुमारास शोधलं. तिची भारतातली कंपनी 1943 मध्ये आर. ए. कोल या नावाने नोंदली गेली होती. 1960 च्या दशकात ठाणे-बेलापूर रस्त्यावर तुर्भ्याला या प्लास्टिकचा दाणा बनू लागला. आज तिथे कंपनीचं 2017 मध्ये उघडलेलं संशोधन केंद्र आहे.

कारखान्यातून निघतो तो दाणा साखरेसारखा, काचेसारखा, जड. स्टायरिन या द्रवाचे थेंब पाण्यात ढवळत ठेवून त्यांचे मणी बनवतात आणि दाबाखाली त्यांच्यात वजनाच्या 4 ते 7 टक्के पेंटेन मुरवतात. पेंटेन 36 अंशांना उकळतो, तरी दाण्यात अडकून राहतो, कारण भोवतीचं पॉलिस्टायरिन कडक असतं. खरी गंमत पुढे आहे.

ठोकळे बनवणारा कारखानदार हा दाणा 100 अंशांच्या आसपासच्या वाफेत सोडतो. भिंत मऊ होते, पेंटेन आतून रेटतो, दाणा फुगतो. पण पेंटेन एकटा इतका फुगवू शकत नाही. पाण्याची वाफ पॉलिस्टायरिनमधून झरझर आत शिरते, पेंटेन त्यामानाने सावकाश बाहेर पडतो. म्हणून आतला दाब वाढतो. नुसत्या गरम हवेने दाणा तितका फुगत नाही, तो यामुळेच. वाफेत मात्र घनमीटरला 600 किलो भरणारा दाणा 15 किलोंवर येतो, म्हणजे चाळीसपट फुगतो.

आता इथे घाई केली की माल गेला. मणी थंड झाला की आतली वाफ पाणी होते, थोडा पेंटेनही द्रव होतो आणि आतल्या बारीक बारीक कप्प्यांत अर्धवट निर्वात पोकळी तयार होते. या अवस्थेत मणी बोटाने दाबला की चेपतो आणि उठत नाही. म्हणून तो जाळीच्या किंवा कापडी सायलोत, म्हणजे उंच कोठीत, साधारण 12 ते 48 तास मुरवायचा. हवा हळूहळू आत शिरते, दाब सारखा होतो, मणी टणक होतो. न मुरवता साच्यात भरला तर ठोकळा आकसतो, बाजू आत ओढल्या जातात. जास्त दिवस ठेवला तर उरलेला पेंटेन उडून जातो. मग साच्यात दुसऱ्यांदा वाफ दिली तरी मणी एकमेकांवर रेटत नाहीत, म्हणून चिकटत नाहीत. उडालेला पेंटेन हवेहून जड असतो, जमिनीलगत साचतो. त्यामुळे या खोलीत खालच्या बाजूने वारा खेळता हवा आणि ठिणगीला पूर्ण मज्जाव.

तयार ठोकळा तापलेल्या तारेने कापतात. त्यात 98 टक्के हवा असते, आणि खरा आक्षेप इथेच आहे. टेम्पोभर भंगार नेलं तरी ती बहुतेक हवाच असते, वाहतुकीचा खर्च निघत नाही, म्हणून भंगारवाला ते उचलत नाही.

पॅकिंगचा एखादा तुकडा हाती आला तर मोडून पाहा. मणी मधूनच फाटले असतील तर जोड चांगला, मुरवणं बरोबर झालं होतं. अख्खे गोल मणी सुटून आले तर दाणा शिळा होता किंवा वाफ कमी पडली. हेच सुटे मणी वाऱ्याबरोबर नाल्यात आणि नाल्यातून ठाण्याच्या खाडीत जातात. तिथून ते वेचून काढायची सोय नाही.