कुकी आली, माग लागला

डोंबिवलीहून सुटलेल्या लोकलमध्ये कुणी मोबाइलवर गिझरच्या किमती बघतं आणि दादर येईस्तोवर बातम्या उघडा की पाककृती, सगळीकडे गिझरच. ‘फोन आपलं बोलणं ऐकतो,’ असं मग डब्यात कुणीतरी ठासून सांगतं. पण त्यासाठी ऐकावं लागतच नाही. पान उघडताना त्यातली जाहिरात ब्राउझर तिसऱ्याच कंपनीच्या सर्व्हरवरून मागवतो. तो सर्व्हर आपल्या फोनमध्ये एक क्रमांक ठेवून देतो. तो ज्यात असतो ती कुकी. त्याच कंपनीच्या जाहिराती असंख्य साइटवर असतात. प्रत्येक ठिकाणाहून तोच क्रमांक तिच्याकडे परत जातो आणि आपण काय वाचलं, काय विकत घेतलं, कोणत्या दुखण्याबद्दल शोधलं, हे सगळं एकाच खात्यात जमा होतं.

कुकी जन्मली १९९४ मध्ये, नेटस्केप या ब्राउझर बनवणाऱ्या कंपनीतल्या लू मॉन्टुली यांच्या हातून. ऑनलाइन दुकानात काय काय निवडलं ते लक्षात राहावं, एवढाच तिचा हेतू होता. पुढच्या वर्षी १५ ऑगस्टला विदेश संचार निगमने भारतात इंटरनेट सर्वसामान्यांना खुलं केलं. फोर्टमधल्या या कंपनीचं डायल-अप कनेक्शन आपल्याकडे नवलाईचं होतं, तेव्हाच तिकडे डबलक्लिकसारख्या जाहिरात कंपन्यांनी कुकीचा दुसरा उपयोग हेरला होता.

धोका तज्ज्ञांनाही तेव्हाच दिसला. फेब्रुवारी १९९७ मध्ये कुकीचं तांत्रिक मानक निघालं. त्याचे एक लेखक खुद्द मॉन्टुली. अशा तिऱ्हाईत कुकी ब्राउझरने मुळातच नाकाराव्यात आणि सूट द्यायची तर ती सेटिंगमध्ये आधीपासून बंद असावी, असं त्यात म्हटलं होतं. नेटस्केप आणि इंटरनेट एक्सप्लोरर या दोन्ही मोठ्या ब्राउझरांनी ते मानलं नाही. सगळं बिनसलं ते इथेच, असं मला वाटतं. सेटिंगमध्ये जाऊन बदल करणारे मूठभर. बाकीच्यांचं काय होणार, हे ब्राउझर बनवणाराच ठरवतो.

पुढे २०११ पासून फायरफॉक्स या ब्राउझरमध्ये ‘डू नॉट ट्रॅक’, म्हणजे ‘माझा माग काढू नका’, आलं. ती नुसती विनंती होती, पाळणं साइटच्या मर्जीवर. मायक्रोसॉफ्टने २०१२ मध्ये ती आपल्या ब्राउझरमध्ये आधीपासूनच चालू ठेवली, तेव्हा ‘ही वापरणाऱ्याची निवड नव्हे’ म्हणत जाहिरातदारांनी ती धुडकावली. या विनंतीचं मानक ठरवणारा गट २०१९ मध्ये गुंडाळला गेला. अ‍ॅपलच्या सफारी ब्राउझरने २०२० मध्ये तिऱ्हाईत कुकी पूर्ण बंद केल्या. गूगलने त्याच वर्षी आपल्या क्रोम ब्राउझरमध्ये त्या बंद करायला दोन वर्षांची मुदत जाहीर केली, ती वारंवार पुढे ढकलली आणि जुलै २०२४ मध्ये बेतच सोडला. २००८ मध्ये ३.१ अब्ज डॉलरला डबलक्लिक विकत घेणारी कंपनी हीच, हे इथे विसरून चालणार नाही.

कुकी पुसली तरी सुटका नाही. स्क्रीनचा आकार, फॉन्ट, टाइमझोन यांच्या मेळावरूनही ब्राउझर ओळखता येतो. इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन या डिजिटल हक्कांसाठी लढणाऱ्या संस्थेच्या २०१० च्या पाहणीतले ८३.६ टक्के ब्राउझर असे एकमेवाद्वितीय निघाले.

आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. मग माहितीच्या संरक्षणासाठी नेमलेल्या श्रीकृष्ण समितीचा अहवाल आला, २०२३ मध्ये वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये नियम निघाले. अठरा वर्षांखालच्या मुलांचा माग काढण्याला आणि त्यांना हेरून जाहिराती दाखवण्याला कायद्यात मनाई आहे, अर्थात सरकार काहींना सूट देऊ शकतं. मोठ्यांसाठी संमतीची अट आहे, आणि संमती देणं जितकं सोपं तितकंच ती मागे घेणंही सोपं हवं, असं कलम ६ सांगतं. आज ‘स्वीकारा’चं बटण ठळक असतं आणि नकार तीन पानं आत दडवलेला. हे कलम अक्षरशः लागू झालं, तर ही मांडणी बेकायदा ठरायला हवी.