सामायिक घरगुती संगणकावर प्रोग्रामच्या डेटाची जागा

घरातील एकाच संगणकावर अनेक माणसे काम करीत असतील, तर प्रोग्रामने आपली सेटिंग, तात्पुरत्या फाइली आणि वापरणाऱ्याने भरलेली माहिती कोणत्या फोल्डरात ठेवावी याचे संकेत प्रत्येक संगणक-प्रणालीत ठरलेले आहेत. डिस्कवर मोकळी जागा कुठे आहे हा प्रश्न त्यात गौण असतो. माहिती कोणाची आहे, ती कोणी वाचायची आणि कोणी बदलायची, हे आधी ठरवावे लागते. ते ठरले की फोल्डर आपोआप ठरतो.

नाशिक शहरात राहून निफाड किंवा दिंडोरी तालुक्यातील द्राक्षबाग सांभाळणाऱ्या कुटुंबाचे उदाहरण घेता येईल. वडील बागेचा खर्च आणि फवारणीची नोंद संगणकावर ठेवतात, मुलगा बागेतून आल्यावर त्याच नोंदीत भर घालतो, मुलगी १९८९ साली स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचे स्वाध्याय लिहिते आणि आई ब्राउझरमधून बँकेचे व्यवहार पाहते. आईचे पासवर्ड आणि मुलीचे स्वाध्याय ही एकेकीची खाजगी माहिती आहे. फवारणीची नोंद मात्र घराची आहे. ऑक्टोबर छाटणीनंतर डाऊनी व भुरी या बुरशीजन्य रोगांसाठी कोणते औषध, किती प्रमाणात, कोणत्या तारखेला मारले हे निर्यातीच्या मालासाठी दाखवावे लागते, आणि शेवटची फवारणी व काढणी यांच्यातले दिवस मोजायचे तर वडिलांनी व मुलाने एकच नोंद पाहिली पाहिजे. तिसरा प्रकार यंत्राचा स्वतःचा : परवाना, प्रिंटरची जुळणी, पुन्हा तयार करता येणाऱ्या तात्पुरत्या फाइली.

विंडोजमध्ये या तिन्ही प्रकारांना वेगळ्या जागा आहेत. प्रत्येक खात्याचा फोल्डर सी ड्राइव्हवरील ‘युजर्स’मध्ये असतो आणि त्याच्या आत ‘ॲपडेटा’ नावाचा लपवलेला फोल्डर असतो. त्यातील ‘रोमिंग’मध्ये माणसाबरोबर दुसऱ्या यंत्रावर नेण्याजोगी सेटिंग, ‘लोकल’मध्ये त्याच यंत्रापुरता डेटा, तर ‘लोकललो’मध्ये कमी अधिकारांनी चालणाऱ्या प्रोग्रामचा डेटा ठेवला जातो. सर्वांसाठी समान असलेला डेटा ‘प्रोग्रामडेटा’ या फोल्डरात जातो. तोही लपवलेलाच असतो. माणसाने स्वतः उघडून पाहायच्या सामायिक फाइलींसाठी ‘युजर्स’मध्येच ‘पब्लिक’ हा फोल्डर आहे. ही मांडणी २००७ साली घरोघरी आलेल्या विंडोज व्हिस्टापासूनची आहे. त्याआधी २००१ च्या एक्सपीमध्ये हेच काम ‘डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्ज’ या फोल्डराकडे होते, आणि त्याही आधीच्या विंडोज ९८ मध्ये फाइलींची रचनाच अशी होती की कोणती फाइल कोणी उघडावी याची नोंद ठेवण्याची सोय तीत नव्हती.

त्या काळातील एक सवय अजून त्रास देते. जुने प्रोग्राम आपला डेटा ‘प्रोग्राम फाइल्स’मध्ये, म्हणजे स्वतःच्याच फोल्डरात लिहीत. व्हिस्टापासून साध्या अधिकारांनी चालणाऱ्या प्रोग्रामला तेथे लिहिता येत नाही. परंतु जुने प्रोग्राम बंद पडू नयेत म्हणून विंडोज ते लिखाण गुपचूप त्या त्या खात्याच्या ‘ॲपडेटा’तील ‘लोकल’मध्ये, ‘व्हर्च्युअलस्टोअर’ या फोल्डरात वळवते. वाचतानाही प्रोग्रामला आधी तेथली प्रत दिसते. परिणामी वडिलांनी आपल्या खात्यातून भरलेली फवारणी वडिलांनाच दिसते, मुलाने भरलेली मुलालाच, आणि दोघेही एकच प्रोग्राम, एकच आयकॉन दाबून उघडत असल्यामुळे समोरच्याने नोंद केलीच नाही असा प्रत्येकाचा समज होतो. अशा वेळी हिशेब उडाला असे धरून प्रोग्राम काढून पुन्हा टाकण्याआधी दोन्ही खात्यांतील ‘व्हर्च्युअलस्टोअर’ उघडून पाहावे. नोंदी बहुधा तेथे शाबूत असतात. हा दोष प्रोग्राम लिहिणाऱ्याचा मानला पाहिजे, घरच्या माणसांचा नव्हे.

‘प्रोग्रामडेटा’तही एक खाच आहे आणि नव्या प्रोग्रामरना ती हमखास नडते. या फोल्डरात कोणत्याही खात्याला नवी फाइल तयार करता येते आणि ती इतरांना वाचताही येते. मात्र मूळच्या परवानग्यांनुसार ती बदलण्याचा अधिकार तयार करणाऱ्याकडे आणि प्रशासक खात्याकडेच, म्हणजे साऱ्या यंत्रावर अधिकार असलेल्या खात्याकडेच, राहतो. वडिलांनी सुरू केलेल्या नोंदवहीत मुलाला एक ओळही घालता येत नाही, कारण फोल्डर सर्वांचा असला तरी फाइल वडिलांची असते. यावरचा योग्य उपाय म्हणजे प्रोग्राम बसवताना, प्रशासकाचे अधिकार हाती असतात तेव्हाच, ‘प्रोग्रामडेटा’त आपला उपफोल्डर तयार करून त्याला सर्व वापरकर्त्यांसाठी बदलाची परवानगी देणे. प्रोग्राम प्रत्येक वेळी प्रशासक म्हणून चालवणे हा उपाय सर्रास सुचवला जातो, पण तो घातक आहे. एका नोंदवहीसाठी साऱ्या यंत्राच्या किल्ल्या देण्यासारखे ते होते. सर्वांना लिहिता येणाऱ्या फोल्डरात फक्त डेटा असावा. चालणारा प्रोग्राम किंवा त्याचे जोडभाग तेथे ठेवले तर एका खात्यातून शिरलेला घातक प्रोग्राम ते बदलून दुसऱ्याच्या खात्यात चालू शकतो.

आपल्याकडे या सगळ्याला वळसा घालणारी एक रूढ पद्धत आहे : डिस्कचे सी आणि डी असे भाग पाडायचे व महत्त्वाचे सारे डी ड्राइव्हवर ठेवायचे. विंडोज नव्याने बसवावे लागले, म्हणजे यंत्र ‘फॉरमॅट मारले’, की सी ड्राइव्ह पुसला जातो आणि डी वाचतो, हा तिचा खरा लाभ आहे. घराच्या नोंदींसाठी ती चांगलीही आहे, कारण विंडोजमध्ये फॉरमॅट केलेल्या अशा भागावर संगणकावरील सर्व खात्यांना लिहिण्याची परवानगी सहसा आपोआप मिळते. त्याच कारणामुळे खाजगी माहितीसाठी मात्र ती जागा अयोग्य आहे. शिवाय दोन्ही भाग एकाच डिस्कचे असतील तर डिस्क गेली की दोन्ही जातात. डी ड्राइव्हवरची प्रत हा बॅकअप धरता येत नाही.

एकच फाइल दोघांनी वापरायची तर केवळ परवानगी पुरत नाही. एक्सपीपासून एका खात्याचे काम चालू ठेवून दुसरे खाते उघडता येते, त्यामुळे वडिलांचा प्रोग्राम मागे उघडाच असताना मुलगा तीच नोंदवही उघडू शकतो आणि नंतर जतन करणारा आधीच्याचे लिखाण पुसून टाकतो. प्रोग्रामने फाइलला कुलूप लावणे किंवा एस्क्यूलाइटसारखा डेटाबेस वापरणे हा यावरचा मार्ग आहे. एस्क्यूलाइट एका वेळी एकालाच लिहू देते, आणि लिहिताना आधी स्वतंत्र टिपण करून ठेवत असल्याने मध्येच वीज गेली तरी अर्धवट नोंद मागे राहत नाही. वळवाच्या पावसात वीज जाणे नाशिककरांना नवे नाही, म्हणून हे महत्त्वाचे. साध्या फाइलीत लिहिणाऱ्या प्रोग्रामने निदान नवी फाइल पूर्ण लिहून मगच तिला जुनीचे नाव द्यावे.

मराठी घरांत एक वेगळी अडचण उद्भवते. खाते तयार करताना ‘आई’ किंवा ‘बाबा’ असे देवनागरीत नाव दिले, तर ‘युजर्स’मधील फोल्डरही देवनागरी नावाचा होऊ शकतो. युनिकोड, म्हणजे सर्व लिपींच्या अक्षरांसाठीची समान संकेतपद्धत, न वापरणाऱ्या जुन्या प्रोग्रामना ते नाव वाचता येत नाही. अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हे येतात आणि डेटाचा फोल्डर सापडत नाही अशी तक्रार प्रोग्राम करतो. खात्याचे नाव नंतर बदलले तरी फोल्डराचे नाव तसेच राहते. म्हणून खाते प्रथम रोमन अक्षरांत तयार करावे आणि दिसणारे नाव मागाहून देवनागरीत करावे.

ॲपलच्या मॅकओएसमध्ये व्यक्तीचा डेटा तिच्या खात्यातील ‘लायब्ररी’मधील ‘ॲप्लिकेशन सपोर्ट’मध्ये, सर्वांचा डिस्कवरील सामायिक ‘लायब्ररी’तील त्याच नावाच्या फोल्डरात, आणि एकमेकांना द्यायच्या फाइली ‘युजर्स’मधील ‘शेअर्ड’मध्ये ठेवतात. खात्यातील ‘लायब्ररी’ २०११ च्या लायन आवृत्तीपासून लपवलेली असते. लिनक्सवर प्रत्येक प्रोग्राम पूर्वी वापरणाऱ्याच्या होम फोल्डरात, म्हणजे त्याच्या खात्याच्या मुख्य फोल्डरात, टिंबाने सुरू होणारी आपली फाइल टाकत असे. २००३ पासूनच्या ‘एक्सडीजी’ नावाच्या संकेताने सेटिंग ‘डॉट कॉन्फिग’मध्ये, डेटा ‘डॉट लोकल’मधील ‘शेअर’मध्ये आणि तात्पुरते ‘डॉट कॅश’मध्ये अशी विभागणी केली. यंत्राचा बदलता डेटा ‘व्हार’मधील ‘लिब’मध्ये जातो. अनेकांना लिहायचे असेल तर त्यांचा एक गट करून फोल्डर त्या गटाच्या नावे करतात.

जागा चुकल्याचे नुकसान बहुधा खाते काढताना किंवा यंत्र दुरुस्तीला देताना उघड होते. मुलगी नोकरीसाठी पुण्याला गेली म्हणून तिचे खाते काढले, तर त्याबरोबर तिचा ‘ॲपडेटा’ही पुसला जातो. ‘फाइली ठेवा’ हा पर्याय निवडला तरी डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, चित्रे अशा फोल्डरांचीच प्रत राहते. वडिलांची नोंदवही तिच्या खात्यातून सुरू झालेली असेल, तर तीही त्यात जाते. दुरुस्ती करणाऱ्यालाही डेस्कटॉप व डॉक्युमेंट्स समोर दिसतात म्हणून तो तेवढेच वाचवतो. यंत्र देण्यापूर्वी प्रत्येक खात्यातील ‘ॲपडेटा’, ‘प्रोग्रामडेटा’तील संबंधित उपफोल्डर आणि ‘पब्लिक’ हे तिन्ही बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्यावेत. ब्राउझरमधील साठवलेले पासवर्ड मात्र त्या त्या खात्याला बांधून कूटबद्ध केलेले असल्याने नुसत्या प्रतीतून ते परत मिळतीलच असे नाही. ते ब्राउझरमधूनच वेगळे काढून सुरक्षित ठेवावे लागतात.