वीरगळ आणि पाटी: बेळगाव सीमाभागातली गावची युद्धस्मारकं

बेळगाव-खानापूर पट्ट्यात गावचं युद्धस्मारक शोधायचं तर आधी देवळाच्या आवारात बघावं. तेलाशेंदरानं माखलेली, म्हसोबा म्हणून पुजली जाणारी शिळा पुष्कळदा वीरगळ, म्हणजे लढताना पडलेल्या वीराचा कोरीव स्मारकदगड, निघते. शब्दही इथल्या मातीचाच: कानडीत 'कल्लु' म्हणजे दगड, त्यावरून वीराचा दगड तो वीरगळ. हलशीला गोव्याच्या कदंब राजांची दुसरी राजधानी होती, सौंदत्तीचे रट्ट राजे पुढे वेणुग्रामी, म्हणजे बेळगावात आले. त्यांच्या काळात असे दगड जागोजागी उभे राहिले.

वीरगळ वाचायचा खालून वर. तळाच्या चौकटीत लढाई. मागे गाई कोरल्या असतील तर गडी पळवलेली गुरं सोडवताना पडला. कानडी शिलालेखांत या गुरांच्या धाडीला 'तुरुगोळ' म्हणतात. मधल्या चौकटीत अप्सरा त्याला दोन्ही बाजूंनी धरून वर नेतात. वरती तो शिवलिंगापुढे हात जोडून बसलेला, जैन असेल तर जिनापुढे, म्हणजे तीर्थंकरापुढे. माथ्यावर चंद्र-सूर्य: ते आहेत तोवर कीर्ती. शेजारी बांगड्या भरलेला, कोपरात वाकलेला हात दिसला तर ती सतीशिळा. अप्सरा बहुतेक एकाच साच्यातल्या. कारागिराचा खरा हात दिसतो तो तळाच्या चौकटीत, घोड्याच्या वळलेल्या मानेत, ढालीमागच्या खांद्यात. लेख असला तर चौकटींमधल्या पट्टीवर, जुन्या कानडीत. कित्येकांवर नावच नाही.

पहिल्या महायुद्धानंतरच्या संगमरवरी पाटीवरही नाव नसतं. मजकूर ठरलेला: या गावातून इतके गेले, पैकी इतके कामी आले. गावागणिक बदलतो फक्त आकडा. लढाई १९१८ साली थांबली तरी पाटीवर १९१४-१९१९ असतं, कारण व्हर्सायचा तह २८ जून १९१९ चा. त्या युद्धात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, कुत गावाच्या वेढ्यात सापडल्या; २९ एप्रिल १९१६ ला तिथं शरणागती झाली. तिथंच शर्कतला ऑक्टोबर १९१८ मध्ये लढलेली ११४ वी पलटण १९२२ च्या सैन्याच्या फेररचनेत प्रशिक्षणाची बटालियन झाली. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र आजही बेळगावातच आहे.

दोन्ही दगडांचं नुकसान बहुधा भक्तीनं नाही तर सफाईनं होतं. पाटी उजळायला ॲसिड लावलं की संगमरवर खाल्ला जातो, अक्षरांच्या कडा बोथट होतात. साधं पाणी आणि मऊ ब्रश पुरे. वीरगळावर ऑइलपेंट मारला की बारीक कोरीवकाम बुजतं. नक्षी उठून दिसावी म्हणून खडू घासू नये. सकाळच्या तिरप्या उन्हात, नाहीतर अंधारात बॅटरी बाजूनं धरून फोटो काढला की झिजलेली रेघही दिसते. सगळ्यात वाईट म्हणजे जीर्णोद्धारातला सिमेंटचा कट्टा. शिळा त्यात वीतभर बसवली की वरचं लिंग आणि चंद्र-सूर्य शाबूत राहतात. गाडली जाते ती तळाची चौकट, माणूस कशापायी मेला हे सांगणारी.