झुलू तारविणकाम

दक्षिण आफ्रिकेच्या क्वाझुलू-नाताळ प्रांतातील हस्तकला. प्लॅस्टिकचे रंगीत आवरण असलेली तांब्याची टेलिफोन-तार विणून वाडगे, थाळ्या व झाकणे बनवतात. डर्बन शहर आणि त्याच्या क्वामाशू उपनगराजवळची सियांडा वस्ती ही तिची प्रमुख केंद्रे होत.

आफ्रिकेच्या दक्षिण भागात तारकाम बरेच जुने आहे. दक्षिण आफ्रिकेतील मापुंगुब्वे या प्राचीन स्थळावरील दफनांत (सु. तेरावे शतक) सोन्याच्या तारेची कांकणे मिळाली. झांबेझी नदीच्या खोऱ्यातील इंगोंबे इलेडे येथील दफनांत तांब्याच्या तारेच्या कड्यांबरोबर तार ओढण्याची लोखंडी साधनेही सापडली; त्यांतील क्रमाने बारीक होत जाणाऱ्या भोकांची पट्टी आपल्या सोनारांच्या जंतरासारखी असते. इंगोंबे इलेडेच्या दफनांच्या काळाविषयी मात्र मतभेद आहेत. आरंभी तो पहिल्या सहस्रकाच्या उत्तरार्धापर्यंत मागे नेला गेला, पुढे चौदावे-पंधरावे शतक मानले गेले. सुती कापडाच्या अवशेषांवरील अलीकडील कार्बन-१४ मापनांनुसार तो साधारणपणे पंधरावे ते सतरावे शतक असा येतो आणि तोच अधिक ग्राह्य वाटतो. तार ओढण्याची रीत येण्यापूर्वीची तार ठोकून केलेली असावी. वनस्पतितंतूंच्या गाभ्यावर तांब्याची अरुंद पट्टी गुंडाळण्याची रीतही आढळते.

टेलिफोन-तारेचा वापर बहुधा १९६० ते १९७० च्या दरम्यान रूढ झाला. डर्बनमधील रात्रपाळीच्या पहारेकऱ्यांनी आपल्या दांडक्यांवर तार गुंफून याची सुरुवात केली, असे सर्रास सांगितले जाते. एलियट म्खिझे यांच्यासारखे आरंभीचे नामवंत विणकर या मताशी जोडले जातात. मात्र तांब्या-पितळेच्या तारेने काठ्या मढवण्याची चाल त्याआधीपासून होती. मातीच्या बिअरच्या भांड्यावर (उखांबा) ठेवायचे इलाला ताडपात्यांचे झाकण (इंबेंगे) हाही आकार तयारच होता. त्यामुळे नवी होती ती केवळ सामग्री, हे मत अधिक पटते.

विणण्याच्या दोन रीती आहेत. ‘कठीण’ रीतीत पोलादी तारेचा गाभा मध्यापासून चक्राकार फिरवत त्यावर रंगीत तार घट्ट गुंफतात. भांडे जड व ताठ होते. ‘मऊ’ रीतीत पोलादी गाभा नसतो, साच्यावर विणकाम चालते. भोवऱ्यासारखी नक्षी, नागमोडी पट्टे, झोपड्या, प्राणी आणि माणसे या दोन्हींत दिसतात.

टेलिफोन केबलमध्ये तारांच्या जोड्या ओळखू याव्यात म्हणून आवरणाला ठरावीक रंग व पट्टे दिलेले असतात. जुन्या नगांत हे पट्टे जवळून पाहिल्यास विणीत तुटक ठिपक्यांसारखे उमटलेले दिसतात. टाकाऊ केबलची ती खूण संग्राहक आवर्जून पाहतात. पुढे विणकरांना कोरी तार मिळू लागली, रंग वाढले आणि चित्रमय रचना भरभराटीस आल्या. १९९५ मध्ये सुरू झालेल्या डर्बनच्या बॅट सेंटर या कलाकेंद्रातील दुकानामुळे अनेक विणकर, विशेषतः स्त्रिया, निर्यातीच्या बाजारापर्यंत पोचल्या. अमेरिकेतील सँटा फे येथील आंतरराष्ट्रीय लोककला संग्रहालयाने २०२४ मध्ये या कलेचे स्वतंत्र प्रदर्शन मांडले.

बहुतेक जुन्या वस्तूंवर कर्त्याचे नाव नाही आणि ही उणीव नंतर भरून काढणे फार कठीण जाते. म्हणून विकत घेतानाच विणकराचे नाव, गाव आणि साल नोंदवणे अगत्याचे आहे. उन्हाने रंग फिके पडतात व कालांतराने प्लॅस्टिक चिकट होऊ शकते. मऊ विणीची भांडी एकात एक रचून ठेवल्यास त्यांचा काठ वाकतो.