इंजिन किती घट्ट धरावं?

सिग्नलला शेजारी एखादी खाली बसवलेली, फुरफुरणारी फोक्सवॅगन पोलो येऊन थांबली, तर तिच्या आतल्या आरशाकडे बघा. मागच्या ट्रकच्या दोन नंबर प्लेटा दिसाव्यात इतका तो थरथरत असेल, तर मालकानं इंजिन माउंटिंग बदललंय असं खुशाल समजा. सिग्नल सुटला, गाडीनं वेग घेतला की तोच आरसा शांत होतो. माउंटिंग कडक केल्याची शिक्षा मिळते ती मुख्यतः गाडी उभी असताना.

गॅरेजमध्ये काही जण ज्याला ‘फाउंडेशन’ म्हणतात, ते माउंटिंग म्हणजे इंजिन आणि बॉडी यांच्यामधला, धातूच्या कोंदणात बसवलेला रबराचा ठोकळा. त्याच्याकडे दोन कामं, आणि दोन्ही एकमेकांच्या मुळावर उठलेली. इंजिनची थरथर बॉडीत जाऊ नये म्हणून तो मऊ हवा. ॲक्सिलरेटर दाबल्यावर इंजिन जागचं हलू नये म्हणून कडक हवा.

आधी थरथरीचा हिशोब मांडू. चार सिलिंडरच्या इंजिनात क्रँकशाफ्टच्या एका फेऱ्यात दोनदा इंधन पेटतं. आयडलिंग, म्हणजे उभ्या गाडीत इंजिनचं नुसतं चालू राहणं, ८०० आरपीएमवर (मिनिटाला ८०० फेरे) असेल, तर सेकंदाला साधारण २७ धक्के बसतात. रबरावर टेकलेल्या इंजिनची स्वतःचीही डोलण्याची एक गती असते, झोपाळ्याची असते तशी. समजा ती सेकंदाला १० आहे. मग २७ धक्के इतके भराभर येतात की इंजिनाला त्यांच्या तालावर डोलायला सवडच मिळत नाही, आणि बॉडीपर्यंत जेमतेम १६ टक्के जोर पोचतो. आता माउंटिंग चौपट कडक करा. डोलण्याची गती कडकपणाच्या वर्गमुळाप्रमाणे वाढते, म्हणजे दुप्पट, २०. वीस आणि सत्तावीस फारच जवळ आले. आता बॉडीपर्यंत १३० टक्के जोर पोचतो! ज्याला दारात अडवायला ठेवलं, तोच पाहुण्याला हात धरून आत आणतो. (रबरातलं अंतर्गत घर्षण मी हिशोबात धरलेलं नाही. खरे आकडे जरा सौम्य निघतील, पण कल हाच.)

याच गणितातून एक फुकटचा उपायही निघतो. आयडलिंग ८०० वरून ९५० केलं, की ते १३० टक्के उतरून ६६ वर येतात. ३००० आरपीएमवर तर फक्त ४. हायवेला आरसा शांत का असतो, ते इथे कळतं.

तीन सिलिंडरवाल्यांनी मात्र जपून. चाकणच्या कारखान्यात बनलेली शेवटच्या काळातली एक लिटर टर्बो पोलो यातलीच. इथे एका फेऱ्याला दीडच धक्का, म्हणजे ८०० आरपीएमवर सेकंदाला २०. माउंटिंग नुसतं दुप्पट कडक केलं, तरी डोलण्याची गती १४ होते आणि थरथर जशीच्या तशी बॉडीत उतरते. मित्राच्या चार सिलिंडरच्या गाडीत जो पार्ट लावून ‘काहीच जाणवत नाही’, तोच तुमच्या गाडीत दात वाजवेल.

मग कडक करायचंच कशाला? कारण पुढची चाकं ओढणाऱ्या, आडवं इंजिन असलेल्या गाडीत माउंटिंगवर इंजिनचा नुसता टॉर्क, म्हणजे पिळण्याचा जोर, येत नाही. दोन्ही चाकांना जोर वाटून देणारं डिफरन्शियल गिअरबॉक्सच्याच पोटात असतं, म्हणून पहिल्या गिअरमध्ये बारा-पंधरा पट झालेला चाकांचा सगळा टॉर्क उलटून या रबरांवर येतो. पोलोच्या १७५ न्यूटन-मीटरचे दोन हजारांहून जास्त होतात, म्हणजे एक मीटर लांब पहारीच्या टोकाला सव्वादोनशे किलो लटकवल्यासारखं. रिमॅप केलं, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरचं सेटिंग बदलून ताकद वाढवली, की आणखी. इंजिन मागे पिळतं, टायर सुटतो, इंजिन परत येतं, टायर पुन्हा पकडतो, आणि पुढचं चाक थाडथाड उड्या मारू लागतं. वळणावर ॲक्सिलरेटर सोडला-दाबला की तेच हेलकावे. हजार-अकराशे किलोंच्या गाडीत दीडेकशे किलोंचा ऐवज उशिरा वळत असेल, तर चालवणाऱ्याला ते स्टिअरिंगमध्ये कळतंच.

पोलोच्या मांडणीत या दोन कामांची बऱ्यापैकी वाटणी केलेली आहे. वरची दोन माउंटिंग वजन पेलतात, इंजिन त्यांच्यावर लंबकासारखं लटकतं, आणि खालचा छोटा दांडा, डॉगबोन, त्याला झोके घेऊ देत नाही. डॉगबोनच्या रबरात मुद्दाम पोकळ्या ठेवलेल्या असतात: थोड्या हालचालीला मऊ, जास्त हालचालीला टणक. पॉलियुरेथेनचा, म्हणजे रबरासारख्या टणक प्लास्टिकचा, इन्सर्ट या पोकळ्या भरतो. माझं मत विचाराल तर सुरुवात इथूनच करावी, तीही पोकळी पूर्ण न भरणाऱ्या मऊ इन्सर्टनं. पाकिटावरच्या ‘शोर ए ८०’ वर भुलू नका. तो आकडा मालाचा कडकपणा सांगतो, पार्टचा नाही. त्याच मालात भोकं ठेवली की पार्ट मऊ होतो.

शिवाय रबर कुठे बसवलंय, यालाही महत्त्व आहे. १९३१ साली प्लिमथ या अमेरिकन कंपनीनं ‘फ्लोटिंग पॉवर’ नावानं जे माउंटिंग आणलं, त्यात पुढचा आधार उंच आणि मागचा खाली होता, म्हणजे इंजिन स्वतःच्या गुरुत्वमध्यातून जाणाऱ्या अक्षाभोवतीच डोलायचं. पुढच्याच वर्षी फ्रान्सच्या सिट्रोएननं ते हक्क घेतले आणि आपल्या चिन्हात पोहणारा हंस घातला.

दुसरं टोक म्हणजे १९६७ ची फॉर्म्युला वन रेसची गाडी, लोटस ४९. तिच्यात इंजिन हाच मागचा सांगाडा, रबराचा प्रश्नच नाही. पण ती गाडी घेऊन कुणी भाजी आणायला जात नव्हतं. रस्त्यावरच्या गाडीला ॲल्युमिनियमचं सॉलिड माउंटिंग लावलं तर ब्रॅकेटला तडे जातात, स्क्रू सैल होतात, इंधन अवेळी पेटल्याची ठकठक ऐकणारा नॉक सेन्सरही गोंधळू शकतो. एकच माउंटिंग सॉलिड आणि बाकीची मऊ, हा तर सर्वांत वाईट सौदा, कारण सगळा भार त्या एकट्यावर येतो. पुण्याहून कोइंबतूरच्या करी रेस ट्रॅकवर जायचं तर एका बाजूनं हजारावर किलोमीटर होतात. लॅप्स माराल किती, नि सिग्नलला थांबाल किती?

पोर्शनं ९९७ पिढीच्या ९११ जीटी३ मध्ये या भांडणावर तोडगा काढला होता. माउंटिंगमध्ये लोहकण असलेला द्रव आणि भोवती विजेचं चुंबक. चुंबक चालू झालं की द्रव घट्ट होतो. शहरात मऊ, ट्रॅकवर कडक. किंमत मात्र पोर्शची.

आपण आधी बॉनेट उघडावं. पुढे कुणी उभं नाही हे बघून मित्राला ब्रेक दाबून धरायला सांगावं, पहिला आणि मग रिव्हर्स टाकून क्लच किंचित सोडायला लावावा, आणि बाजूला उभं राहून इंजिन किती उसळतं ते पाहावं. सात-आठ वर्षं जुन्या गाडीत रबर फाटलेलं किंवा बसलेलं निघालं, तर नवं ओरिजिनलच लावून पुन्हा चालवून बघावं. अनेक गाड्यांत हे बोल्ट एकदाच वापरायचे असतात, तेही नवे घ्यावेत. आणि शेवटचे आवळण्याआधी इंजिनला एकदा हलवून आपल्या जागी बसू द्यावं. तिरक्या ताणात आवळलेलं नवं रबरही पहिल्या दिवसापासून आरसा थरथरवतं.