डबा वरून खाली खा : चार वाजता परत भूक का लागते?

नमस्कार मंडळी, रोज साडेतीन-चारला आमचा फोन वाजतो, नेमकी रात्रीच्या डब्यांची कणीक मळायला घेतलेली असते तेव्हा. "ताई, एकला जेवलो, परत भूक लागली, उद्यापासून एक पोळी वाढवा." पोळी वाढवायला आमची ना नाही, उलट आम्हाला चार पैसे जास्तच मिळतील. पण तुम्ही शुगरसाठी डबा लावलाय, म्हणून आधी एकच विचारतो, कोशिंबीर खाल्ली का?

परत आलेले डबे आम्ही स्वतः उघडतो. परवा कोथरूडच्या एका सोसायटीतून पाच डबे आले, त्यातल्या तिनांत भाताचं शीत शिल्लक नाही आणि वरच्या कप्प्यात काकडीची कोशिंबीर जशीच्या तशी, पाणी सुटून दाण्याचं कूट वर तरंगतंय. म्हणजे सुरुवात खालून झाली, भातापासून, आणि घाईत.

आता पोटात काय होतं बघा. पोट रिकामं असलं की जठरातून घ्रेलिन नावाचं हार्मोन सुटतं, तेच मेंदूला सांगतं की भूक लागली. जपानी शास्त्रज्ञांनी १९९९ मध्ये ते शोधलं. जेवणाच्या ठरलेल्या वेळेआधी ते वाढतं, शिवाय इन्सुलिनलाही थोडं मागे खेचतं. जेवलं की खाली येतं, पण नुसता भात पटकन पचतो, साखर झपकन चढते, मग उतरायला लागली की घ्रेलिन परत वर आणि तुमचा आम्हाला फोन!

दुसऱ्या बाजूला आतड्यातून जीएलपी-१ आणि जीआयपी नावाची दोन हार्मोन्स सुटतात. साखर वाढली की ही दोघं स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतात. तेवढंच ग्लुकोज शिरेतून दिलं तर इन्सुलिन कमी सुटतं आणि तोंडाने घेतलं तर जास्त, हे १९६४ मध्येच दिसलं होतं, म्हणजे आतडं मधे बोलतंच. टाइप २ डायबेटिसमध्ये हे बोलणं क्षीण होतं. जीएलपी-१ जठरही सावकाश रिकामं करतं, त्यामुळे पोट भरल्यासारखं राहतं, पण रक्तात ते दोनेक मिनिटांतच मोडतं. तुमच्यापैकी ज्यांना सिटाग्लिप्टिन किंवा विल्डाग्लिप्टिन चालू आहे ना, ती गोळी हे मोडणंच रोखते.

कोशिंबीर, उसळ आधी पोटात गेली की जीएलपी-१ जास्त सुटतं, मागून आलेला भात हळू पुढे सरकतो आणि साखर कमी चढते. म्हणूनच आम्ही कोशिंबीर सगळ्यात वर ठेवतो, मग उसळ नाहीतर आमटी, मग पोळी-भाजी, आणि भात तळाला. काही काका रागावतात, की पंगतीत आधी वरणभात-तूप-लिंबूच असतो! बरोबर आहे, आमच्याही घरी सणाला तसंच वाढतात आणि ते आम्हाला मोडायचं नाही, पण रोजच्या शुगरच्या डब्यात क्रम उलटा केलेला बरा. आणि निदान वीस मिनिटं घ्या हो जेवायला, आतड्याचा निरोप मेंदूला पोचायला वेळ लागतो.

एक मात्र नीट वाचा. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेत असाल तर जेवण लांबवू नका आणि मनाने भात बंद करू नका, शुगर एकदम खाली जाऊ शकते. गोळी, इंजेक्शन, डोस हे सगळं डॉक्टरांनाच विचारा, आम्ही स्वयंपाक करणारी माणसं. जेवणानंतरची शुगर तपासताना दोन तास पहिल्या घासापासून मोजा, हात धुतल्यापासून नाही.

पंधरा दिवस वरून खाली जेवून बघा, तरीही चारला भूक लागली तर पोळी नक्की वाढवू. त्याआधी कोशिंबीर किंवा उसळ वाढवून हवी असेल तर आदल्या रात्री नऊपर्यंत मेसेज टाका, त्याचे वेगळे पैसे घेत नाही. फक्त चार वाजता फोन नको, तेव्हा हात पिठात असतात.